एकच संध्यामठ, पाच माध्यमे: जलरंगापासून तैलरंगापर्यंत काम कसे करावे

कोल्हापुरात चित्र काढू लागलेल्या मुलाच्या हातात पहिल्यांदा येतात त्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी घेतलेल्या पोस्टर कलरच्या बाटल्या. पुढे कला महाविद्यालयात जलरंगातील निसर्गचित्रणाची गोडी लागते, आणि शिक्षण संपवून स्वतंत्रपणे काम सुरू केले की गिऱ्हाईक येते ते मात्र आजोबांच्या फोटोवरून तैलरंगातील व्यक्तिचित्र मागायला, नाहीतर हॉटेलची भिंत रंगवून घ्यायला. एकाच माध्यमाला धरून बसण्याची चैन या गावातील चित्रकाराला कधीच नव्हती. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी नाटकांचे पडदे रंगवले. बाबूरावांनी पुढे तैलचित्रे आणि शिल्पे केली, कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपटही पडद्यावर आणला. त्यांची प्रतिभा आपल्याकडे नसली तरी गरज तीच आहे, म्हणून एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात कसे जावे हे पायरीपायरीने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

माझ्या अनुभवात माध्यम बदलताना हाताला नवे वळण फार थोडे लावावे लागते. बदलावा लागतो तो निर्णयांचा क्रम. जलरंगात जो निर्णय पहिल्या पाच मिनिटांत घ्यावा लागतो, तोच तैलरंगात शेवटच्या दिवसापर्यंत राखून ठेवता येतो. हे लक्षात येण्यापूर्वी मी कित्येक वर्षे तैलरंग जलरंगासारखे पातळ लावत होतो आणि जलरंग तैलरंगासारखे घासत होतो. दोन्हीकडे चित्र मळत होते, आणि दोष मात्र मी रंगांच्या कंपनीला देत होतो.

विषय एक, आकार लहान

नवे माध्यम शिकताना नवा विषय घेऊ नये. जो विषय डोळ्यांना पाठ आहे, ज्याचे रेखाटन विचार न करता होते, तोच प्रत्येक माध्यमात पुन्हा करावा, म्हणजे चुकले तर माध्यमामुळे काय चुकले हे वेगळे ओळखता येते. मी त्यासाठी रंकाळा तलावातील संध्यामठ हा जुना दगडी मठ निवडला. उन्हाळ्यात तो उघडा पडतो आणि पावसाळ्यात तळे भरले की पाण्यात जातो, त्यामुळे एकाच जागी बसून दगड, पाणी, प्रतिबिंब आणि मोकळे आकाश या चारही गोष्टींचा सराव होतो. पंचगंगेचा घाट, कोटीतीर्थ किंवा आपल्या गल्लीतील एखादे कौलारू घरही चालेल. अट एवढीच की ते ठिकाण पायी जाण्याच्या अंतरावर असावे आणि वर्षभर पाहता यावे.

आकार साधारण ११ × १५ इंच ठेवावा. पूर्ण जलरंगी कागद २२ × ३० इंचांचा असतो आणि त्याचे चार समान भाग केले की हा आकार मिळतो. रंगांना हात लावण्याआधी पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर फक्त पेन्सिलीने किंवा कोळशाने त्या दृश्याचे पाच टोन, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्या, मांडाव्यात: कागदाचा पांढरा, दोन मधले फिके, एक गडद आणि एक काळा. हा तुकडा पाचही चित्रांच्या वेळी समोर टाचून ठेवावा. राजारामपुरीतील अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या संग्रहालयात पावडर शेडिंगची कामे आहेत. रंगाशिवाय नुसत्या छायाप्रकाशावर चित्र किती उभे राहते हे पाहायचे असेल तर तेथे एक तास घालवणे दहा व्हिडिओ पाहण्यापेक्षा उपयोगी पडते.

पेटी सगळ्या माध्यमांत सारखी ठेवावी

प्रत्येक माध्यमासाठी दुकानातील चोवीस रंगांचा तयार संच घेणे ही सर्वांत महागडी चूक आहे. ट्यूबवर रंगाचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि रंगद्रव्याचा संकेतांक बारीक अक्षरांत. वाचायचा असतो तो बारीक मजकूर. एकाच नावाखाली दोन कंपन्या वेगवेगळी द्रव्ये भरतात, पण संकेतांक खोटे बोलत नाही. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, बर्न्ट सिएना बहुधा पीबीआर ७, यलो ऑकर पीवाय ४३, थॅलो ब्ल्यू पीबी १५. हीच द्रव्ये जलरंग, ॲक्रिलिक आणि तैलरंग या तिन्हींत मिळतात. बदलते ते त्यांना धरून ठेवणारे बंधक. जलरंगात बाभळीच्या जातीचा डिंक असतो, तैलरंगात जवसाचे तेल, ॲक्रिलिकमध्ये पाण्यात विखुरलेले प्लास्टिकचे सूक्ष्म कण, आणि सॉफ्ट पेस्टलमध्ये जेमतेम कांडी तुटू नये एवढाच डिंक.

माझ्या पेटीत आठ रंग आहेत: एक थंड आणि एक उबदार पिवळा, यलो ऑकर, एक लाल, एक गुलाबीकडे झुकणारा क्विनाक्रिडोन, अल्ट्रामरीन, थॅलो ब्ल्यू आणि बर्न्ट सिएना, जलरंग सोडून इतरांसाठी टायटेनियम व्हाइट वेगळा. अस्सल अलिझरिन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३, मी काढून टाकला, कारण तो उजेडात उडतो आणि विकलेल्या चित्रातील गुलाबी जोतिबाचा गुलाल दहा वर्षांनी करडा झालेला पाहण्याची माझी इच्छा नाही. संध्यामठाचा काळा दगड या आठांपैकी फक्त दोघांतून, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांतून, तयार होतो. निळा वाढवला की सावलीतला दगड, सिएना वाढवली की उन्हातला. तयार काळा त्यासाठी लागत नाही, आणि तयार काळ्याने केलेला दगड डांबर फासल्यासारखा दिसतो.

जलरंग: शेवटचा निर्णय सर्वांत आधी

जलरंगात पांढरा रंग नसतो, कागद हाच पांढरा असतो. म्हणून पाण्यावरची चमक, मठाच्या माथ्यावरचे ऊन, बगळ्याची पाठ या सगळ्या शेवटी दिसणाऱ्या गोष्टी कोठे राखायच्या हे पहिला ब्रश टेकवण्यापूर्वी ठरवावे लागते. पेन्सिलीने त्या जागा अगदी हलक्या खुणांनी नोंदवाव्यात.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) आणि शक्यतो पूर्ण सुती असावा. ब्रशमध्ये काटकसर चालेल, रंगात थोडी चालेल, कागदात चालत नाही. कागद फळीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवून फळी मागून दोन बोटे उचलावी, म्हणजे वॉश, पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग हात, आपल्या वजनाने खाली सरकतो. दोन भांडी पाणी घ्यावे, एक ब्रश धुण्यासाठी आणि एक स्वच्छ मिश्रणासाठी. आकाशासाठी लागेल त्याच्या दुप्पट रंग आधीच कालवून ठेवावा, कारण मध्येच रंग संपला आणि नवा कालवेपर्यंत कड सुकली तर ती रेघ परत जात नाही.

पहिला वॉश आकाश आणि पाणी यांचा एकत्र घालावा, मठाच्या जागेवरूनही बिनधास्त जाऊ द्यावा, फक्त राखलेल्या चमका चुकवाव्यात. त्यानंतरचे सगळे काम कागदाच्या ओलाव्याकडे पाहून चालते, आणि ही पाहण्याची सवय हेच जलरंगाचे निम्मे शिक्षण आहे. कागद आरशासारखा चमकत असेल तेव्हा टाकलेला रंग पसरून नाहीसा होतो. चमक मावळून रेशमी झाक उरली की पलीकडच्या काठावरची झाडे टाकावीत, त्यांच्या कडा आपोआप मऊ होतात. झाक जाऊन कागद निस्तेज पण हाताला गार लागतो, ती वेळ हात मागे घेण्याची आहे. त्या वेळी पाण्याने भरलेला ब्रश टेकवला तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा कातरलेला डाग उमटतो. पूर्ण सुकल्यावर मठ, त्याच्या आतला अंधार आणि सर्वांत शेवटी प्रतिबिंबातील गडद रेघा घ्याव्यात. रंग सुकल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना तो एक पायरी जास्त गडद वाटला पाहिजे. नवशिक्याचा हात नेमका येथे कचरतो आणि मग तो त्याच जागेवर तीन तीन थर देतो. तिसऱ्या थराला पारदर्शकपणा संपतो.

या गावात जलरंगाची परंपरा सांगताना आबालाल रहिमान यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय लाभलेल्या या चित्रकाराने रंकाळा आणि कोटीतीर्थ वेगवेगळ्या प्रहरी पुन्हा पुन्हा रंगवले. महाराज १९२२ मध्ये गेल्यावर त्यांनी आपली कित्येक चित्रे कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडून दिल्याची हकीकत येथे अजून सांगितली जाते. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांचे काम पाहताना मी फक्त एकच गोष्ट शोधतो, ती म्हणजे त्यांनी कागद कोठे सोडला आहे.

पावसाळ्याबद्दल एक सूचना येथेच देतो. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या हवेत कागद उघडा राहिला तर त्यावरील सरसाचा लेप खराब होतो आणि मग तो कागद टीपकागदासारखा रंग पितो. पांढऱ्या कागदावर हा दोष दिसत नाही, वॉश घातल्यावर ठिपके ठिपके उमटतात. उरलेले कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून उंचावर ठेवावेत.

पोस्टर कलरकडे परत

पोस्टर कलर आणि त्याचा उंची भाऊ असलेला गुवाश यांना शाळेतले रंग म्हणून हिणवू नये. ते अपारदर्शक असल्यामुळे गडदावर फिके लावता येते आणि जलरंगातून तैलरंगाकडे जाणाऱ्यासाठी तो स्वस्तातला पूल आहे. त्रास एकच: सुकताना फिका रंग थोडा गडद होतो आणि गडद रंग थोडा फिका, त्यामुळे दोन्ही टोके मध्यावर येऊन चित्र मलूल दिसते. प्रत्येक मिश्रणाचा ठिपका आधी टाकाऊ कागदावर सुकवून पाहावा. खालचा थर पाण्याने पुन्हा सुटतो, म्हणून वरचा थर घट्ट आणि एकाच फटक्यात घ्यावा. लहान बाटल्यांतील सगळेच रंग उजेडात टिकणारे नसतात, तेव्हा विक्रीच्या चित्रासाठी ते वापरू नयेत, कच्च्या आराखड्यांसाठी भरपूर वापरावेत.

सॉफ्ट पेस्टल: तालमीतील लाल माती

पेस्टलमध्ये सुकणे हा प्रकारच नाही. जो रंग लावला तोच राहतो, म्हणून रंगाचा अंदाज शिकण्यासाठी याहून प्रामाणिक माध्यम मला माहीत नाही. संध्यामठ मी पेस्टलमध्ये केला, पण मला हे माध्यम खरे कळले ते गंगावेशीतल्या तालमीच्या हौद्याशी बसून केलेल्या चित्रांमुळे, कारण अंगाला लागलेली कोरडी लाल माती आणि कागदावर घासलेली लाल कांडी यांत जवळजवळ फरकच उरत नाही.

कागद पांढरा घेऊ नये. तपकिरी किंवा करडा, आणि पॉलिशपेपरसारखी बारीक खर असलेला घ्यावा. आधी कठीण कांड्यांनी गडद भाग, मग मधले टोन, आणि सर्वांत मऊ कांडीने शेवटचे उजेड. क्रम जलरंगाच्या अगदी उलटा आहे, हे मनाला बजावून सांगावे लागते. बोटाने घोळण्याचा मोह फार होतो, पण सगळीकडे घोळले की चित्रावर साय धरते; घोळायचेच तर फक्त लांबचे आकाश. कागदाची खर चार-पाच थरांनंतर भरते आणि मग कांडी नुसती घसरते. तेथे ताठ ब्रशने जुना थर झाडून टाकावा. फिक्सेटिव्ह, म्हणजे रंगाची भुकटी धरून ठेवणारा फवारा, मधल्या थरांवर हलके फवारावे, शेवटच्या थरावर टाळावे, कारण त्याने उजेड मरतात. धूळ फुंकू नये, फळी उभी करून मागून टिचकी मारावी, आणि तोंडाला मास्क असावा. फ्रेम करताना काच चित्राला टेकता कामा नये. माऊंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, आत पाव इंचाची पट्टी घालायला फ्रेमवाल्याला स्वतः उभे राहून सांगावे. एकदा मी सांगून निघून आलो, परत गेलो तेव्हा पैलवानाचा अर्धा खांदा काचेवर होता.

ॲक्रिलिक: घड्याळाशी सामना

ॲक्रिलिक पाण्याने पातळ होतो आणि सुकल्यावर पाण्याला दाद देत नाही, हा त्याचा गुण आणि तोच त्याचा ताप. एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली पॅलेटवरचा रंग पाच मिनिटांत साय धरतो. म्हणून सपाट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग अशी ओली पॅलेट तयार करावी. झाकण लावले की रंग दोन-तीन दिवस जिवंत राहतो. फवाऱ्याची बाटली हाताशी ठेवावी, पंखा बंद करावा, उन्हाळ्यात काम सकाळी दहाच्या आत उरकावे. ब्रश सतत पाण्यात हवा, पण केसांवर उभा करून ठेवू नये. माझे चांगले ब्रश मी या माध्यमाला देत नाही, कृत्रिम केसांचे स्वस्त ब्रश पुरतात.

येथे रंग सुकल्यावर गडद होतो, कारण ओले बंधक दुधाळ असते आणि सुकताना ते पारदर्शक होते. त्यामुळे जलरंगाची सवय असलेल्याचे पहिले ॲक्रिलिक चित्र हमखास काळवंडते. आकाशाचे मिश्रण थोडे फिकेच ठेवावे आणि दुसऱ्या दिवसासाठी तेच मिश्रण झाकणबंद डबीत राखून ठेवावे, कारण सुकलेल्या रंगाशी ओला रंग जुळवणे डोळ्यांना कठीण जाते.

संध्यामठ करताना मी आधी संपूर्ण कॅनव्हासवर बर्न्ट सिएनाचा पातळ थर देतो, त्यावर सगळे मोठे आकार सपाट पॅचमध्ये मांडतो आणि मग पारदर्शक थरांनी पाणी खोल करत नेतो. मऊ उतरत जाणारे आकाश ॲक्रिलिकमध्ये कष्टाचे असते. ते एकाच वेळी ओले ठेवून जमले नाही तर लहान आडव्या फटक्यांनी तोडून घ्यावे; त्यात कमीपणा नाही.

भिंतीचे काम हेही याच कुटुंबातले. नवे प्लास्टर किमान २८ दिवस सुकू द्यावे, कारण त्यातील क्षार रंग खातात. जुन्या भिंतीला ओल असेल तर कितीही चांगला एक्स्टिरियर रंग लावला तरी तो पहिल्या पावसाळ्यात पापुद्र्याने सुटतो. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. आतून दव धरले तर आधी गवंडी बोलवावा, मग चित्रकार.

तैलरंग: थांबण्याची कला

तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, आणि या एका गोष्टीतून त्याचे सगळे नियम निघतात.

कॅनव्हासपासून सुरुवात करावी. चौकटीच्या पट्टीची आतली कड उतरती असावी, नाहीतर कॅनव्हासवर तिची रेघ उमटते. कापड आधी प्रत्येक बाजूच्या मध्यावर ठोकावे, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे जावे, आणि टिचकी मारली की हलगीसारखा आवाज यावा. कच्च्या कापडावर तैलरंग थेट लावला तर तेल धागे कुजवते, म्हणून ॲक्रिलिक जेसो या पांढऱ्या अस्तराचे तीन पातळ हात, प्रत्येक हात आधीच्याला काटकोनात, आणि मध्ये २२० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकी घासणी. दमट हवेत कापडाचा ताण कमी-जास्त होत राहतो. कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतील तर त्या ठोकून तो परत आणता येतो. पाचरी नसलेली पक्की खिळलेली चौकट स्वस्त पडते आणि पहिल्याच पावसाळ्यात महाग होते.

थरांचा नियम आपल्याकडे ‘आधी रूक्ष, मग स्निग्ध’ असा लक्षात ठेवावा. पहिला थर फक्त टर्पेंटाइनने पातळ केलेला. मधल्या थरासाठी दोन भाग टर्पेंटाइन आणि एक भाग जवसाचे तेल. शेवटच्या थरात दोन्ही समभाग, तेही मोजून थेंब थेंब. क्रम उलटला, म्हणजे तेलकट थरावर रूक्ष थर बसला, तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला भेगा जातात. हार्डवेअरच्या दुकानातील उकळलेले जवसाचे तेल दरवाजांसाठी असते. ते चित्रात वापरल्यास लवकर काळपट पिवळे होते.

संध्यामठ तैलरंगात करताना पहिल्या दिवशी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन यांच्या पातळ मिश्रणाने फक्त छायाप्रकाश मांडावा आणि कापडाने उजेड पुसून काढावेत. माती रंग लवकर सुकतात म्हणून या थराला तेच योग्य. दुसऱ्या दिवशी किंवा तिसऱ्या दिवशी मोठे पॅच, मध्यम टोनमध्ये, कोठेही पूर्ण पांढरा किंवा पूर्ण काळा न वापरता. मग थांबावे. हिवाळ्यात चार-पाच दिवस, पावसाळ्यात त्याहून बरेच जास्त. बोटाला रंग लागत नाही असे झाल्यावर पाण्याचे थर, दगडाच्या कडा, आणि अगदी शेवटी, जाड रंगाने, पॅलेट नाइफच्या टोकाने, जलरंगात ज्या चमका पहिल्या क्षणी राखल्या होत्या त्याच चमका येथे ठेवाव्यात. दोन्ही चित्रे शेजारी लावून पाहिली की क्रम म्हणजे काय हे डोळ्यांना पटते.

सुकताना काही गडद भाग निस्तेज पडतात, कारण खालच्या थराने तेल शोषलेले असते. त्यावर नवा गडद रंग चढवू नये. मऊ कापडाने तेलाचा नाममात्र हात फिरवून जादाचे पुसून टाकले की मूळ रंग परत येतो. वार्निश पातळ चित्राला सहा महिन्यांनी, जाड चित्राला वर्षाने.

सुरक्षेबाबत एक गोष्ट फार कमी शिक्षक सांगतात. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून उघड्यावर सुकवावीत किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावावे. खोलीला समोरासमोर दोन खिडक्या नसतील तर टर्पेंटाइनचे काम गॅलरीत करावे.

दोन माध्यमे एका चित्रात

मिश्र माध्यमाचे नियम चवीचे नाहीत, चिकटण्याचे आहेत. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, आणि घाई असेल तेव्हा खालची मांडणी ॲक्रिलिकने एका दिवसात करून वर तैलरंग घेणे ही माझी नेहमीची युक्ती आहे. फक्त खालचा थर गुळगुळीत चकचकीत असू नये. तैलरंगावर ॲक्रिलिक कधीही नाही, तो पापुद्र्याने निघतो. सुकलेल्या जलरंगावर सॉफ्ट पेस्टल सुंदर बसते. ऑइल पेस्टल कधीच पूर्ण सुकत नाही, म्हणून त्यावर काहीही चढवू नये, पण त्याच्या रेघांवरून जलरंगाचा वॉश फिरवला तर रंग रेघा सोडून बाजूला होतो आणि पावसाच्या धारा विनासायास मिळतात.

हंगाम, ऑर्डर आणि साठवण

स्वतंत्र चित्रकाराचे वर्ष हवामानाने आखलेले असावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेर बसून जलरंग. वॉश पुरेसा वेळ ओला राहतो आणि रंकाळ्यावर सकाळी धुकेही मिळते. मार्च ते मे सकाळी ॲक्रिलिक आणि भिंतींची कामे, ती मृगापूर्वी संपलीच पाहिजेत. पावसाळ्यात घरात पेस्टल आणि तैलरंग. तैलरंगाला पावसाळ्यात फक्त सुरुवात करावी, सुपूर्त करण्याचे वचन देऊ नये. मी एकदा ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांच्या मुदतीने व्यक्तिचित्र स्वीकारले, वरून सुकलेले वाटले म्हणून बबल रॅपमध्ये गुंडाळून पाठवले, आणि गिऱ्हाइकाने उघडले तेव्हा वडिलांच्या गालावर गोल गोल छाप होते. चित्र परत आणून गाल नव्याने रंगवला, पण त्या घरातून दुसरे काम आले नाही. आता सुपूर्त करण्याची तारीख मी माध्यमावरून ठरवतो आणि ओल्या रंगाची शंका असेल तर चित्र चौकटीत उभे, काहीही न टेकवता, स्वतः नेऊन देतो. मोठा सुकलेला कॅनव्हास गुंडाळावाच लागला तर रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळावा; आत ठेवली तर रंग दाबून सुरकुततो.

ऑर्डर घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसून भिंतीचा विचारावा: चित्र लागणार कोठे? थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर जलरंग नको, स्वयंपाकघराच्या जवळ पेस्टल नको, बाहेरून पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर आतल्या बाजूने काहीही लावायचे असेल तर फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे चिकटवून हवा खेळती ठेवावी. किंमत मी चौरस इंचावर ठरवतो, पण दर माध्यमागणिक वेगळा असतो आणि काच, माऊंट व फ्रेम यांचा खर्च नेहमी वेगळा लिहून देतो, कारण जलरंग आणि पेस्टलमध्ये तो खर्च कधी कधी चित्राच्या साहित्याहून जास्त होतो. अर्धी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कॅनव्हास ताणू नये. प्रत्येक चित्राचे तास वहीत टिपावेत. तैलरंगातील थांबण्याचे दिवस तास म्हणून मोजले जात नाहीत, पण खोलीतील जागा अडवतात, आणि जागेलाही भाडे असते.

साठवण जमिनीपासून वर. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हा माझी कामाची खोली नदीकडच्या भागात तळमजल्यावर होती, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या चित्रांपैकी जलरंग एका रात्रीत धुऊन गेले. ॲक्रिलिक मात्र चिखल धुतल्यावर बहुतेक जसेच्या तसे निघाले. कागदावरची कामे तेव्हापासून माळ्यावर, आम्लरहित कागदात, आडवी. तैलचित्रे अंधारात फार काळ ठेवली तर तेल पिवळसर होते. ती उजेडाच्या खोलीत, पण थेट ऊन टाळून, उभी ठेवावीत, म्हणजे पिवळेपणा पुष्कळ उतरतो.

चित्र हातावेगळे करण्याआधी त्याच्या मागे चौकटीच्या लाकडावर किंवा माऊंटवर, कॅनव्हासच्या कापडावर कधीही नाही, चार ओळी लिहाव्यात: शीर्षक, तारीख, कोणत्या कंपनीचे व कोणत्या प्रकारचे रंग, आणि तैलचित्र असेल तर वार्निश कोणत्या महिन्यानंतर करावे. तीच नोंद वहीत करावी आणि वार्निशच्या महिन्यात गिऱ्हाइकाला आपण होऊन फोन करावा. माझ्या वहीत येत्या जानेवारीसमोर तीन घरांची नावे आहेत. त्यांतल्या दोघांनी वार्निशसाठी घरी बोलावताना दुसऱ्या भिंतीचे मापही घेऊन ठेवले आहे.